ल्युमाझिन सिंथेजचा पिंजरा: एका प्रथिनाला मालवाहू बनवण्याचे प्रकरण

प्रस्तावना

पोकळ प्रथिन-कवचात औषध, विकर किंवा आरएनए भरून ते हव्या त्या ठिकाणी पोहोचवावे ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. मात्र कवच तयार होणे, त्यात माल शिरणे आणि शिरलेला माल सुरक्षित राहणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांपैकी एक साधली म्हणजे दुसरी आपोआप साधत नाही. स्वित्झर्लंडमधील ईटीएच झुरिक या संस्थेत डोनाल्ड हिल्व्हर्ट यांच्या प्रयोगशाळेने एकाच प्रथिनावर २००६ ते २०२१ या काळात जे काम प्रसिद्ध केले, त्यात हा फरक स्पष्ट दिसतो, म्हणून ते प्रकरण येथे घेतले आहे. काम करणाऱ्या संशोधकांची व्यक्तिशः नावे दिलेली नाहीत, कारण विषय निर्णयांचा आहे. प्रयोगांची हकिकत प्रसिद्ध झालेल्या कामावर आधारलेली आहे. पर्यायांची तुलना आणि शेवटची चिकित्सा प्रस्तुत लेखकाची आहे.

पार्श्वभूमी

ल्युमाझिन सिंथेज हे ब जीवनसत्त्वांपैकी रायबोफ्लेविन तयार करण्याच्या साखळीतील शेवटून दुसऱ्या पायरीचे विकर आहे. अनेक जीवाणूंमध्ये त्याचे ६० उपघटक एकत्र येऊन एक पोकळ गोल रचतात. आधी पाच-पाच उपघटकांची पंचके बनतात आणि अशी १२ पंचके जुळून वीस मुखांच्या सममितीचे कवच पूर्ण होते. झुरिकच्या गटाने निवडलेले प्रथिन 'अ‍ॅक्विफेक्स एओलिकस' या जीवाणूचे आहे. सिसिलीच्या उत्तरेकडील एओलियन बेटांजवळच्या समुद्रात, ज्वालामुखीच्या उष्णतेने तापलेल्या पाण्यात हा जीवाणू आढळला आणि तो ९५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात वाढतो. साहजिकच त्याची प्रथिने कमालीची चिवट आहेत. कवचाचा बाहेरचा व्यास सुमारे १६ नॅनोमीटर आणि आतल्या पोकळीचा सुमारे ८ ते ९ नॅनोमीटर आहे.

हा चिवटपणा निवडीमागे महत्त्वाचा ठरतो. प्रथिनाच्या रचनेत बदल करायचे म्हणजे त्याच्या स्थैर्यातून थोडे थोडे खर्च करायचे असते, आणि मुळात स्थैर्य जास्त असेल तर कवच कोसळण्यापूर्वी अधिक बदल पचवता येतात. शिवाय निसर्गात हे कवच रिकामे नसते. 'बॅसिलस सबटिलिस' या जीवाणूत ल्युमाझिन सिंथेजच्या ६० उपघटकांच्या आत रायबोफ्लेविन सिंथेज या पुढच्या पायरीच्या विकराचे त्रिक बंदिस्त असते, हे बरेच आधीपासून ठाऊक होते. म्हणजे आत काही ठेवण्याची सवय या प्रथिनकुलाला होतीच. ती आपल्या मालासाठी कशी वळवायची हा प्रश्न होता.

समस्या

प्रथिन हाच माल असेल तर अडचण नेमकी कोठे येते हे साध्या हिशेबातून कळते. ८ नॅनोमीटर व्यासाच्या पोकळीचे आकारमान सुमारे २६८ घन नॅनोमीटर होते. हिरवे प्रकाशमान प्रथिन, म्हणजे जीएफपी, सुमारे २७ किलोडाल्टन (रेणूचे वजन मोजण्याचे एकक) वजनाचे असते आणि त्याचा एक रेणू साधारण ३३ घन नॅनोमीटर जागा घेतो. रेणू एकमेकांना अगदी चिकटवून बसवले तरी सात-आठांच्या पुढे जागा उरत नाही. त्यातही मूळ कवचाच्या छिद्रांमधून एवढा मोठा रेणू आत जाऊ शकत नाही; कवच पूर्ण होण्याआधीच माल आत अडकला पाहिजे.

पेशीच्या आत तर हजारो निरनिराळी प्रथिने गर्दी करून असतात. कवच जुळत असताना त्यांतून नेमका हवा तोच रेणू आत यावा, यासाठी कवच आणि माल यांच्यात काही ओळख असणे भाग होते. मूळ ल्युमाझिन सिंथेजच्या आतल्या पृष्ठभागाला परक्या प्रथिनांबद्दल अशी कोणतीही ओढ नव्हती.

समोर असलेले पर्याय

त्या वेळी तत्त्वतः चार वाटा खुल्या होत्या.

पहिली वाट फेरिटिनची. लोह साठवणाऱ्या या प्रथिनाचे २४ उपघटक सुमारे १२ नॅनोमीटरचे कवच रचतात आणि आत ४,५०० पर्यंत लोहाचे अणू मावतात. तीव्र आम्ल द्रावणात, सामू २ च्या आसपास, हे कवच उलगडते आणि सामू पुन्हा उदासीन केला की जुळते. मधल्या वेळात औषधाचे लहान रेणू मिसळले तर काही आत अडकतात. लहान आणि टिकाऊ रेणूंसाठी ही पद्धत चालते. पण माल स्वतःच प्रथिन असेल तर कवच उघडणाऱ्या आम्लात तोही उलगडेल आणि बहुधा निकामी होईल. शिवाय अशी भरणी परीक्षानळीतच होते, जिवंत पेशीत होऊ शकत नाही.

दुसरी वाट जनुकांच्या जोडणीची: मालाचे जनुक कवचाच्या जनुकाला जोडायचे, म्हणजे प्रत्येक उपघटकाला माल चिकटूनच येईल. वर केलेला हिशेब येथे आडवा येतो, कारण ६० उपघटकांना ६० जीएफपी लावल्यावर आत सात-आठांचीच जागा आहे. साध्या उपघटकांची भेसळ करून हे प्रमाण कमी करता येते, पण मग किती माल भरला जाईल यावर ताबा राहत नाही.

तिसरी वाट निसर्गाची नक्कल करण्याची. रायबोफ्लेविन सिंथेज ज्या खुणेमुळे आत जाते ती खूण शोधून आपल्या मालाला लावायची. मात्र त्यासाठी ती खूण आधी नेमकी कळायला हवी.

चौथी वाट विद्युत् प्रभाराची. आतला पृष्ठभाग ऋणप्रभारित करायचा आणि मालाला धनप्रभारित शेपूट लावायचे. या मार्गाला कोणत्याही खास जैविक ओळखीची गरज नसल्याने तो तत्त्वतः कोणत्याही प्रथिनाला लागू पडतो, आणि हेच त्याचे बळ आहे. त्याचा कमकुवतपणाही येथेच आहे, कारण पेशीत धनप्रभारित रेणू कमी नसतात आणि ऋणप्रभार एकमेकांजवळ आणले की ते परस्परांना ढकलतात. कवचाच्या आतल्या बाजूला ते दाटीवाटीने बसवले तर कवच कसे वागेल हे सांगता येत नव्हते.

पहिला निर्णय: प्रभाराची खूण

गटाने चौथी वाट घेतली. कवचाची त्रिमितीय रचना अणुपातळीवर उपलब्ध असल्याने आतल्या पृष्ठभागावर कोणती अमिनो आम्ले येतात हे माहीत होते. प्रत्येक उपघटकातील चार अमिनो आम्ले बदलून त्यांच्या जागी ऋणप्रभारित ग्लुटामिक आम्ल बसवण्यात आले. मालाच्या, म्हणजे जीएफपीच्या, टोकाला धनप्रभारित आर्जिनिनचे दहा अवशेष जोडले गेले. दोन्ही जनुके ई. कोलाय जीवाणूत एकाच वेळी चालवल्यावर कवचासोबत जीएफपी शुद्ध होऊन बाहेर आले, आणि शेपटाविना ते तसे येत नव्हते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने पद्धत चालते हे सिद्ध केले. भरला जाणारा माल मात्र बेताचाच होता.

या निर्णयाचा एक परिणाम योजनेत नव्हता. चार बदलांनी कवचाचा आकारच बदलला होता. मूळ ६० उपघटकांऐवजी मोठे कवच तयार होत होते, आणि त्याची नेमकी बांधणी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट होऊन प्रसिद्ध व्हायला २०१७ साल उजाडले: १८० उपघटक, म्हणजे ३६ पंचके, बाहेरचा व्यास सुमारे २९ नॅनोमीटर.

येथे थोडे थांबून भूमितीकडे पाहणे गरजेचे आहे, कारण पुढची सगळी गुंतागुंत तिच्यातून आली. विषाणूंची १८० उपघटकांची कवचे सर्वसाधारणपणे १२ पंचके आणि २० षट्के यांची बनलेली असतात. कॅस्पर आणि क्लुग यांनी १९६२ मध्ये मांडलेला सिद्धांत हेच सांगतो. षट्के पंचकांमधल्या फटी बुजवतात. ल्युमाझिन सिंथेजला षट्के करता येत नाहीत. त्याने मोठे कवच केवळ पंचकांतून रचले, आणि नुसत्या पंचकांनी मोठा गोल पुरता झाकला जात नसल्याने मध्ये सुमारे ४ नॅनोमीटरची छिद्रे राहिली. मोठ्या पोकळीसोबत गटाच्या हाती एक चाळण आली होती.

दुसरा निर्णय: काय जगू द्यायचे

माल वाढवायचा होता. आणखी कोणती अमिनो आम्ले बदलावीत याचा तर्क करत बसण्यापेक्षा प्रयोगशाळेतील उत्क्रांतीचा मार्ग घेण्यात आला. जनुकात यादृच्छिक बदल करून हजारो प्रकार तयार करायचे आणि कसोटीत टिकणारे पुढे न्यायचे, ही पद्धत विकरांसाठी रुळलेली होती. तिच्यासाठी २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल अर्ध्या वाट्याने फ्रान्सिस अर्नोल्ड यांना मिळाले. पण विकराची कसोटी सोपी असते, कारण क्रिया झाली की उत्पादन मोजता येते. कवचाने माल जास्त घेतला की नाही, हे हजारो वसाहतींमध्ये एकेक करून कसे तपासणार?

गटाने काढलेला तोडगा या प्रकरणातला सर्वांत कल्पक भाग आहे, असे माझे मत आहे. त्यांनी माल म्हणून एचआयव्हीचे प्रोटिएज निवडले. हे विकर ई. कोलायच्या स्वतःच्या प्रथिनांना कापते आणि पेशीला मारक ठरते. त्यालाही आर्जिनिनचे शेपूट लावले. आता ज्या पेशीतले कवच हे विष आत ओढून बंदिस्त करील तीच पेशी वाढेल, आणि बाकीच्या मागे पडतील. मोजणीचे काम पेशीच्या जगण्या-मरण्यावर सोपवले गेले.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मिळालेल्या अनेक प्रकारांची माल घेण्याची क्षमता पाच ते दहा पटींनी वाढली होती, आणि ही वाढ मुख्यतः आतल्या पृष्ठभागावरचा ऋणप्रभार आणखी वाढल्यामुळे झाली होती. म्हणजे उत्क्रांतीने मूळ आराखड्याचीच री ओढली. त्यांतील एक प्रकार पुढे बराच वापरला गेला. त्याचे कवच ३६० उपघटकांचे, म्हणजे ७२ पंचकांचे, आणि सुमारे ३९ नॅनोमीटर व्यासाचे असल्याचे नंतर दिसले. ३६ धनप्रभार असलेले जीएफपी त्याच्यात परीक्षानळीतसुद्धा आपसूक शिरते, आणि एका कवचात असे सुमारे १०० रेणू मावतात. तयार कवचात एवढा मोठा रेणू शिरू शकतो याचे कारण अर्थातच ती छिद्रे. या धनप्रभारित जीएफपीला निरनिराळी विकरे जोडून ती क्रियाशील अवस्थेत कवचात ठेवण्याचे कामही पुढे झाले.

दोन्ही कसोट्यांत एक गोष्ट मात्र पाहिलीच गेली नव्हती. जीएफपीच्या प्रयोगात माल आत आहे का हे तपासले गेले, आणि प्रोटिएजच्या प्रयोगात माल आत जाऊन पेशीपासून दूर राहतो का हे. बाहेरचे काही आत येऊन मालाचे नुकसान करते का, हा प्रश्न कोणत्याच कसोटीने विचारला नाही. परिणामी छिद्रांना कोठेही दंड बसला नाही. उलट भरणीसाठी ती सोयीचीच ठरली.

तिसरा निर्णय: आरएनए आणि नवी सुरुवात

पुढचा माल आरएनए होता. येथे छिद्रे घातक ठरतात, कारण आरएनए तोडणारी न्यूक्लिएज विकरे सर्वत्र असतात आणि त्यांतली काही लहान आहेत. 'आरएनेज ए' तर १४ किलोडाल्टनच्याही आत बसते. शिवाय आरएनए स्वतः ऋणप्रभारित असल्याने आधीची सगळी मेहनत येथे उलटी पडते. ऋणप्रभारित पोकळी आरएनएला दूरच ढकलणार.

गटाने उत्क्रांत झालेला प्रकार बाजूला ठेवला आणि मूळ प्रथिनाकडे परत जाऊन त्याच्या साखळीची टोके बदलली, जेणेकरून टोक आतल्या बाजूला येईल. मग त्या टोकाला लॅम्डा विषाणूपासून घेतलेला, आर्जिनिनने समृद्ध असा छोटा पेप्टाइड जोडला. हा पेप्टाइड आरएनएच्या एका विशिष्ट वळशाला ओळखून चिकटतो, आणि तो वळसा कवचाच्या स्वतःच्या संदेशवाहक आरएनएवर बसवला गेला. पाच वर्षांहून अधिक काळ सुधारलेला प्रकार सोडून देण्याचा हा निर्णय सोपा नसावा, पण प्रभाराचा विचार करता दुसरा मार्ग नव्हता.

या रचनेमुळे कवच आपल्याच जनुकाचा आरएनए पोटात घेऊन फिरू लागले. म्हणजे जे कवच टिकले त्याची कृती त्याच्या आतच मिळू लागली. कसोटी आता सरळ ठरली: पेशीतून कवचे बाहेर काढायची, त्यांना न्यूक्लिएजच्या माऱ्यात ठेवायचे, आणि ज्यांचा आरएनए अखंड राहील त्यांच्यापासून पुढची पिढी करायची. पुढे लहान आकाराची न्यूक्लिएज वापरून कसोटी कडक करण्यात आली, म्हणजे लहान छिद्र असलेलेही गळून पडावे. या मार्गाचे पहिले फळ २०१८ मध्ये आले आणि सर्वांत पुढारलेला प्रकार २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

परिणाम

अखेरच्या प्रकारात २४० उपघटक आहेत. ते पूर्वीसारखी सुटी पंचके राहिलेले नाहीत. प्रत्येक उपघटकाचा काही भाग शेजाऱ्याच्या जागेत शिरून सगळे एकमेकांत गुंतले आहेत, आणि कवच न्यूक्लिएजला अभेद्य झाले आहे. एका कवचात आपल्याच संदेशवाहक आरएनएच्या अनेक अखंड प्रती भरल्या जातात. आरएनएच्या बाजूनेही बदल झाले: भरणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या वळशांची संख्या आणि मांडणी उत्क्रांतीत आपोआप सुधारली. ज्या प्रथिनाला सुरुवातीला आरएनएबद्दल कसलीही ओढ नव्हती त्याने आपला आरएनए आत भरणे आणि तो जपणे ही विषाणूंची दोन मुख्य लक्षणे स्वतंत्रपणे गाठली, हे या कामाचे मूलभूत विज्ञानातले महत्त्व आहे. पृथ्वीवरचे पहिले विषाणू यजमान पेशीच्या प्रथिनांतून उद्भवले असावेत, या गृहीतकाला त्यामुळे प्रायोगिक आधार मिळतो.

एक बाजूचा धागा येथेच नोंदवतो. याच ल्युमाझिन सिंथेजच्या ६० उपघटकांच्या मूळ कवचाच्या बाहेरच्या अंगावर एचआयव्हीचा कृत्रिमरीत्या घडवलेला प्रतिजन बसवून लस-संशोधकांनी मानवी चाचणी केली, आणि २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लस घेतलेल्या ३६ पैकी ३५ जणांत अपेक्षित प्रकारच्या बी पेशींचा (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा) प्रतिसाद दिसला. माल आत ठेवण्यापेक्षा बाहेर लावण्याचे काम कितीतरी लवकर माणसांपर्यंत पोहोचले. बाहेर लावलेल्या मालाला शिरायचे नसते, टिकायचे नसते आणि सुटायचेही नसते. फक्त दिसायचे असते.

वेगळे काय करता आले असते

पहिली बाब रचनेची. आकार बदलल्याचे कळल्यावर कवचाची सविस्तर बांधणी लवकर पाहिली असती, तर छिद्रांची जाणीव पुढच्या कसोट्या ठरवतानाच झाली असती. या आक्षेपाला एक उत्तर आहे: अतिशीत सूक्ष्मदर्शनाने अणुपातळीच्या जवळचे चित्र सहज मिळणे २०१३ नंतर, इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या नव्या उपकरणांमुळे (डिटेक्टर), शक्य झाले. पण अचूक चित्राशिवायही आत भरलेल्या प्रथिनावर बाहेरून प्रोटिएज सोडून ते तुटते का हे पाहणे साध्या प्रयोगशाळेच्या आवाक्यातले होते. आजच्या नव्या प्रकल्पात हा प्रयोग भरणीच्या पहिल्या यशासोबतच व्हायला हवा, असे मला वाटते.

दुसरी बाब निसर्गाच्या खुणेची. याच गटाने २०१७ मध्ये दाखवले की अ‍ॅक्विफेक्सच्या रायबोफ्लेविन सिंथेजच्या टोकाचा एक छोटा पेप्टाइड परक्या प्रथिनालाही ल्युमाझिन सिंथेजच्या मूळ कवचात नेतो. तिसरी वाट अशी अकरा वर्षांनी खुली झाली. ती आधी घेतली असती तर प्रभार वाढवण्याची गरज पडली नसती, कवच फुगले नसते आणि छिद्रे उरली नसती. मात्र पोकळी ८-९ नॅनोमीटरचीच राहिली असती आणि १०० रेणूंची भरणी कधीच झाली नसती. म्हणून कोणती वाट बरोबर होती हे माल ठरवतो: दोन-चार मौल्यवान रेणू जपायचे असतील तर निसर्गाची खूण, आणि विकरांची दाट गर्दी एका जागी हवी असेल तर प्रभाराची खूण.

तिसरी बाब कसोटीच्या वातावरणाची, आणि येथे सिएटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाशी तुलना उपयोगी पडते. संगणकावर आखलेल्या प्रथिन-कवचाला आपला आरएनए भरायला लावण्याचे काम त्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी निवड करताना रक्त आणि जिवंत उंदीर यांचा वापर केला. रक्तात सहा तासांनंतर टिकणाऱ्या आरएनएचे प्रमाण ३.७ टक्क्यांहून कमी होते ते ७१ टक्क्यांवर गेले, आणि रक्ताभिसरणात टिकण्याचा काळ पाच मिनिटांपेक्षा कमी होता तो सुमारे साडेचार तासांवर गेला. भरणीत मात्र ते मागे होते: दर अकरा कवचांमागे एक अखंड आरएनए. झुरिकच्या कसोटीत परीक्षानळीतले न्यूक्लिएज होते, आणि तेथे भरणी व अभेद्यता दोन्ही फार पुढे गेल्या. दोन्ही गटांना नेमके तेच मिळाले ज्यासाठी त्यांनी निवड केली होती. दोन्ही कसोट्या आळीपाळीने लावल्या असत्या तर काय हाती आले असते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, कारण कवचाच्या बाहेरच्या अंगावरचे बदल रक्तात उपयोगी पडतात आणि आतले बदल भरणीत. ते एकमेकांच्या आड येतीलच असे नाही.

शेवटची बाब अद्याप खुली आहे. अभेद्य कवचाला लक्ष्य पेशीत पोहोचल्यावर उघडावेही लागते, आणि वर सांगितलेल्या कोणत्याही फेरीत उघडण्यासाठी निवड झालेली नाही. ही कवचे ई. कोलायमध्ये तयार होतात, तेव्हा प्राण्यांवर वापरण्यापूर्वी जीवाणूच्या भित्तिकेतील अंतर्विष काढून टाकणेही आवश्यक आहे. पुढची कसोटी आखणाऱ्याला मानवी पेशीच्या आतील आम्लधर्मी कप्प्यात कवच सैल होते का हे न्यूक्लिएजच्या माऱ्याबरोबरच तपासावे लागेल. म्हणजे बाहेर घट्ट आणि आत सैल, अशा दोन विरुद्ध अटी एकाच फेरीत घालाव्या लागतील.